जुन्या पुस्तकांच्या नोंदीत शेऱ्याचा रकाना मोठा करा

१८६७ साली इंग्रज सरकारने छापखाने आणि पुस्तकनोंदणीचा कायदा केला, आणि त्यात पुस्तकाची नोंद कशी करायची याची यादीच घालून दिली. टायटल पानावर काय छापलंय, भाषा कोणती, लिहिणारा कोण, भाषांतर करणारा कोण, विषय काय, छापलं कुठे, प्रसिद्ध कुठे झालं, छापणारा कोण, प्रकाशक कोण, छापून बाहेर कधी पडलं, पानं किती, आकार काय, आवृत्ती कितवी, त्या आवृत्तीच्या प्रती किती काढल्या, धातूच्या खिळ्यांवर छापलंय की दगडाच्या शिळेवर, किंमत किती, आणि हक्क कोणाकडे, तो राहतो कुठे. सरकारला देशी भाषांतल्या पुस्तकांचा जिव्हाळा होता असं नाही, सत्तावन्नचं बंड होऊन दहाच वर्षं झाली होती आणि देशी छापखान्यांत काय चाललंय ते त्यांना माहीत असायला हवं होतं. हेतू काहीही असो, या नोंदींच्या ज्या तिमाही याद्या निघाल्या त्यांच्यामुळे आज एखाद्या फुटकळ वाटणाऱ्या मराठी पुस्तकाबद्दलसुद्धा आपण सांगू शकतो की याच्या इतक्या प्रती निघाल्या आणि ते इतक्या आण्यांना विकलं जायचं.

आता आजच्या एखाद्या जुन्या वाचनालयाच्या कॉम्प्युटरवरची नोंद उघडा. नाव, लेखक, प्रकाशक, साल, पानं, किंमत, विषय, दाखल क्रमांक. संपलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाला जे विचारायचं सुचलं ते आपण विचारत नाही. शिळाछाप आहे का, माहीत नाही. मोडीत आहे की बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, माहीत नाही. शेवटची पानं आहेत की गेली, कोणी बघितलंच नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. दुर्मिळ पुस्तकाची नोंद करताना हाताशी वेळ कमी असेल, आणि तो कमीच असतो, तर विषय-वर्गीकरण आणि सारांश यांच्यावर तो घालवू नये. आधी त्या वस्तूवर जे दिसतं ते जसंच्या तसं लिहावं, आणि त्यातही या एका प्रतीचं जे वेगळेपण आहे ते लिहावं. दाखल रजिस्टरमध्ये शेवटी जो शेऱ्याचा बारीक रकाना असतो, ज्यात आपण फक्त 'गहाळ' नाहीतर 'रद्द' लिहितो, तो खरं तर सगळ्यात मोठा असायला हवा.

१८६७ च्या आधीच्या मराठी पुस्तकांना आपल्याकडे दोलामुद्रितं म्हणतात, म्हणजे पाळण्यातली छपाई. सीमा म्हणून हेच साल धरण्यामागे हा कायदाच आहे, कारण त्याच्यानंतर निदान सरकारी याद्या तरी आहेत, त्याच्या आधीचं बरचसं अंधारात. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी या मिशनऱ्याने काढलेली पुस्तकं, तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यातली, मुंबईत अमेरिकन मिशनने आणि मग गणपत कृष्णाजींनी छापलेली. यातल्या कित्येकांची एखाददुसरीच प्रत उरलीय, काहींची तीही नाही. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण घ्या, १६१६ मध्ये छापलं गेलं, पुढे १६४९ आणि १६५४ ला पुन्हा छापलं गेलं, आणि आज त्या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आपल्याला माहीत नाही, जे काही आहे ते हस्तलिखितांतून आलेलं. पुस्तक असं नाहीसं झालं की उरते ती फक्त कोणीतरी कधीतरी केलेली नोंद, आणि त्या नोंदीत जेवढं लिहिलं तेवढंच ते पुस्तक पुढच्यांसाठी असतं.

म्हणून मी याला पंचनामा म्हणतो. पंचनाम्यात आपण मत लिहीत नाही, काय कुठे कसं पडलं होतं ते लिहितो, कारण नंतर ती जागा तशी राहणार नसते हे सगळ्यांना माहीत असतं.

टायटल पानापासून सुरुवात करू. एकोणिसाव्या शतकातलं मराठी टायटल पान हा एक छोटा निबंधच असतो. ग्रंथाचं नाव, मग तो कशावरून घेतला, कोणाच्या सांगण्यावरून लिहिला, कोणत्या शाळेतल्या मुलांच्या उपयोगासाठी, कोणी तपासला, कोणाच्या छापखान्यात, कोणत्या गल्लीत. नोंद करणारा यातलं मधलं चार शब्दांचं नाव उचलतो आणि बाकी सोडून देतो. 'अमुक साहेबांच्या आज्ञेवरून' हे तीन शब्द गेले की त्या पुस्तकामागे सरकारी पैसा होता की नाही हे कळायचा रस्ताच बंद. मला वाटतं टायटल पान शब्दशः, जुन्या शुद्धलेखनासकट, अनुस्वारांसकट उतरवून घ्यायला हवं. फार तर पाच मिनिटं जातात.

लेखकाच्या नावाचा गोंधळ तर रोजचा आहे. त्या काळी माणूस स्वतःचं आणि वडिलांचं नाव लावून मोकळा व्हायचा. दादोबा पांडुरंग, गोविंद नारायण. आपलं सॉफ्टवेअर मागतं आडनाव आधी, मग एकजण 'पांडुरंग, दादोबा' असं भरतो, दुसरीकडे कोणीतरी माहितगार 'तर्खडकर, दादोबा पांडुरंग' असं भरतो, आणि १८३६ चं मराठी व्याकरण लिहिणारा एकच माणूस दोन माणसं होऊन बसतो. 'मुंबईचे वर्णन' शोधणारा माडगावकर टाइप करतो आणि त्याला काहीच सापडत नाही कारण नोंद गोविंद नारायण अशी आहे, किंवा त्याच्या उलट. यावर तोडगा आहे आणि तो काही अवघड नाही, पानावर छापलेलं नाव जसंच्या तसं एका जागी ठेवायचं आणि प्रचलित नाव दुसऱ्या जागी. पण त्यासाठी आधी कोणीतरी ठरवायला हवं की छापलेलं नावसुद्धा महत्त्वाचं आहे. जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'वर जोतीराव गोविंदराव फुले छापलेलं असताना यादीत महात्मा जोतिबा फुले भरलेलं मी पाहिलंय. आदर कळतो, पण १८७३ साली ते पुस्तक कोणत्या नावाने लोकांपुढे आलं हे त्या आदराखाली झाकलं जातं.

सालाचं आणखी वेगळं. जुन्या पुस्तकांवर शके असतं, कधी संवत्सराचं नाव, महिना, तिथीसुद्धा. नोंद करताना सगळे शकात ७८ मिळवतात आणि इसवी सन लिहून टाकतात. शके १७६७, विश्वावसु नाम संवत्सर, म्हणजे १८४५, झालं काम. पण शक पाडव्याला सुरू होतो, त्यामुळे शके १७६७ च्या माघात छापून झालेलं पुस्तक हे १८४६ चं असतं. एका वर्षाने काय बिघडतं असं विचारणारे भेटतात. एकाच ग्रंथाची दोन छापखान्यांत एकाच सुमाराला छपाई झाली असेल आणि आधी कोणाची हा वाद असेल तर त्या एका वर्षानेच सगळं बिघडतं. आणि नोंदीत नुसतं १८४५ उरलं, मूळचा शक आणि महिना गेला, तर ती चूक दुरुस्त करायला पुन्हा त्या पुस्तकापर्यंत जावं लागतं, आणि तोवर शेवटचं पान वाळवीने खाल्लेलं असतं. छापलेली तारीख आधी, आपलं गणित नंतर, आणि दोन्ही वेगळे दिसले पाहिजेत.

आता शिळाछापाबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतंय असं मला वाटतं. शिळाप्रेस म्हणजे लेखनिकाने खास शाईने कागदावर लिहायचं, ते दगडावर उतरवायचं आणि दगडावरून छापायचं. गणपत कृष्णाजींचं १८३१ चं पंचांग असं छापलं, बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ ला ज्ञानेश्वरी काढली ती अशीच. खिळे पाडायचा खर्च नाही, चांगलं अक्षर असलेला माणूस मिळाला की झालं. आणि लोकांना पोथी जशी बघायची सवय होती तशीच ती दिसायची, आडवी, सुटी पानं, मध्ये शिवण नाही, समासात ग्रंथाचं आखूड नाव आणि पानाचा आकडा, अध्यायाच्या शेवटी लाल नाहीतर काळ्या रेघा. इतकं हुबेहूब, की शेवटी 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया' हा लेखनिकांचा ठरलेला श्लोकसुद्धा छापलेला असू शकतो.

अशी पोथी लाल फडक्यात बांधलेली येते. टायटल पान नाही, कारण पोथीला ते नसतंच किंवा पहिलं पान झिजून गेलंय. नोंद करणारा ती सोडतो, वळणदार अक्षर बघतो आणि लिहितो, हस्तलिखित, पांडवप्रताप, अपूर्ण. ती पोथी हस्तलिखितांच्या कपाटात जाते आणि छापील पुस्तकांच्या इतिहासातून कायमची बाहेर पडते. किंवा उलट, खरंच हाताने लिहिलेली एखादी पोथी 'छापील, डबल' म्हणून बाजूला पडते. फरक ओळखायला भिंग पुरतं. बोरूने लिहिलेल्या अक्षरात शाई कुठे दाट कुठे फिकी असते, बोरू बुडवला की पुढचे दोनतीन शब्द गडद, मग हळूहळू उतरत जातात. शिळाछापात सगळं पान एकाच रंगाचं, सपाट. आणि खिळ्यांची छपाई असेल तर पान उलटं करून बोट फिरवलं की अक्षरांचा दाब लागतो. हे तीन फरक एका दुपारी कोणालाही शिकवता येतात. पण नोंदीच्या फॉर्ममध्ये 'छपाईची रीत' असा रकानाच नसेल तर शिकवून करायचं काय, लिहिणार कुठे?

ब्लुमहार्ट नावाच्या माणसाने १८९२ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी आणि गुजराती छापील पुस्तकांची यादी केली. तो तिथे बसून शिळाछाप असेल तर तसं नोंदवत होता, आडव्या आकाराचं असेल तर तसं. इथे महाराष्ट्रात, ज्यांच्या घरात त्या पोथ्या वाचल्या गेल्या, चातुर्मासात ज्यांची पारायणं झाली, त्यांच्याकडच्या याद्यांत ते नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्याकडे अशी कामं करणारी माणसं झालीच नाहीत असं मात्र कोणी म्हणू नये. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली, कॉम्प्युटर नसताना, आणि आजही जुनं पुस्तक हातात आलं की पहिल्यांदा दाते बघायचे हीच रीत आहे. पण दात्यांची सूची ही पुस्तकांची आहे, प्रतींची नाही, आणि ते एका माणसाकडून मागणंही बरोबर नाही. प्रतीचं काम ज्याच्या कपाटात ती प्रत आहे त्यानेच करायचं असतं.

नोंदीवरून पुढे काय काय होतं ते बघा. वाचनालयात जागा नसते. महाराष्ट्रात अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत आणि त्यातल्या जुन्यांचा हा खरा प्रश्न आहे, उगाचचं रडगाणं नाही, नवीन पुस्तकं अनुदानाच्या नियमाने घ्यावीच लागतात, जुनी ठेवायची कुठे. मग यादी बघून डबल प्रती काढतात. यादीत 'नवनीत, गोडबोले' असं चार वेळा आलं की तीन रद्दीत. आता नवनीत, म्हणजे मराठी कवितांच्या वेच्यांचं पुस्तक, १८५४ ला पहिल्यांदा निघालं आणि पुढे त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या, त्यात वेचे वाढत बदलत गेले, पिढ्यान्‌पिढ्या शाळेत मराठी कविता त्यातून शिकल्या गेल्या. कोणत्या काळात मुलांना कोणता कवी शिकवायचा हे कसं ठरत गेलं ते त्या वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी ठेवल्याशिवाय कळणारच नाही. चार प्रती म्हणजे चार वेगळी पुस्तकं असू शकतात. यादीत आवृत्ती आणि पानसंख्या नीट असती तर रद्दीवाल्याकडे जाण्याआधी कोणीतरी थांबलं असतं.

आणि उलटा घोटाळा मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाचा. १८३१ ची पहिली आवृत्ती, १८५७ ची वाढवलेली दुसरी, आणि मग १९७५ ला पुण्यात झालेलं दुसऱ्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण, ज्यात जुनं टायटल पानही आहे. नोंद करणाऱ्याने जुनं टायटल पान बघून १८५७ लिहिलं की १९७५ ची प्रत कुलपात जाते आणि खरी १८५७ ची, पुठ्ठा गेलेली, 'जीर्ण' म्हणून माळ्यावर. म्हणून फक्त टायटल पान उतरवूनही भागत नाही, त्याच्या मागची बाजू, शेवटचं पान, कागद, हेही बघायला हवं.

भाषा आणि लिपी हा रकाना बहुतेकांना फालतू वाटतो, मराठी वाचनालयात मराठीच असणार. पण १८४६ ला मुंबईत बेने इस्रायली या इथल्या ज्यू समाजासाठी शिळाछापाची हग्गादा निघाली, वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, हिब्रू आणि बरोबर मराठी. १८७४ ला पुण्यात आणखी एक निघाली, तिच्यात चित्रं आहेत, साडी नेसलेल्या बायका सणाच्या बिनखमिराच्या भाकऱ्या करतायत असं चित्र आहे. जगभरचे ज्यू इतिहासाचे अभ्यासक ही पुस्तकं शोधतात. आपल्या यादीत 'मराठी, धर्म, ख्रिस्ती व इतर' एवढंच लिहून ठेवलं तर ते कोणाला सापडणार? दोन भाषा, दोन लिप्या, चित्रं आहेत, एवढे सहा शब्द. मोडीचं तेच, श्रीरामपूरला केरीच्या छापखान्यात मोडीचे खिळे पाडून पुस्तकं निघाली, आणि बाळबोध येणाऱ्याला मोडी वाचता येत नाही म्हणून कित्येक ठिकाणी मोडी छापील पुस्तक 'मोडी कागद' म्हणून रुमालात बांधलेलं असतं.

आता प्रतीकडे येतो. पुस्तक छापून छापखान्याबाहेर पडलं की त्याचं स्वतःचं आयुष्य सुरू होतं. कोणाच्या तरी नावाचा शिक्का, नेटिव्ह जनरल लायब्ररीचा शिक्का, संस्थानच्या खाजगीचा शिक्का, शाळेत पहिला नंबर आला म्हणून दिलेल्या बक्षिसाची चिठ्ठी, 'हे पुस्तक अमक्याचे असे, चोरील त्यास पाप' अशी ओळ, समासात कोणीतरी शाईने घातलेला अर्थ, मधल्या कोऱ्या पानावर मुलाच्या जन्माची वेळ. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, नाशिकचं १८४०, पुण्याचं १८४८, कोल्हापूरचं १८५०, या जुन्या वाचनालयांची सुरुवातीची कागदपत्रं सगळीकडे शाबूत असतील असं नाही, पण त्यांचे शिक्के मारलेली पुस्तकं कुठे कुठे फिरून पोचलेली सापडतात, आणि ते शिक्के नोंदवले गेले तर शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोणत्या गावात काय वाचलं जात होतं हे पुन्हा जुळवता येईल.

तीच गोष्ट आश्रयदात्यांच्या याद्यांची. आधी वर्गणी गोळा करून मग पुस्तक छापायची पद्धत होती आणि कितीतरी पुस्तकांच्या शेवटी वर्गणीदारांची नावं गावासकट छापलेली असतात, कोणी किती प्रती घेतल्या तेही. मामलेदार, मास्तर, सावकार, कुठे एखादी बाई. मराठी वाचक कोण होता याचा यापेक्षा सरळ पुरावा मला तरी माहीत नाही. पण नोंदीत पानं २१२ एवढंच असतं, कारण यादीच्या पानांवर आकडे नसतात किंवा ते वेगळे असतात. 'शिवाय शेवटी वर्गणीदारांची ६ पानं, जाहिरातीची २ पानं, शुद्धिपत्र १ पान' असं लिहिलं की झालं. गुलामगिरीचंच बघा, मराठी पुस्तक, पण त्याला इंग्रजी प्रस्तावना आहे आणि अमेरिकेतल्या लोकांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी जे केलं त्याबद्दल त्यांना ते अर्पण केलेलं आहे. ही अर्पणपत्रिका म्हणजे १८७३ साली पुण्यातला एक माणूस जगाकडे कसा बघत होता त्याची साक्ष आहे, आणि साध्या नोंदीत ती कुठेच येत नाही.

यावर हमखास ऐकू येणारं उत्तर म्हणजे, आता सगळं स्कॅन होतंय की, ज्याला बघायचं तो बघेल. स्कॅनिंग व्हायलाच हवं, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण स्कॅन हे नोंदीच्या जागी बसत नाही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियामध्ये लाखो पुस्तकं स्कॅन झाली, मोठं काम झालं, पण त्यातली मराठी पुस्तकं शोधायला जा, नावं रोमन लिपीत वाटेल तशी मोडतोड केलेली, लेखकाच्या जागी कितीतरी ठिकाणी 'नॉट अव्हेलेबल', साल चुकलेलं. पुस्तक नेटवर आहे आणि तरी नाही. शिवाय स्कॅन करणारा पानाच्या हिशोबाने पैसे घेतो, त्याला मजकूर दिसला पाहिजे एवढंच सांगितलेलं असतं, तो पुठ्ठा, कोरी पानं, शिक्क्यांची पानं, जाहिराती वगळतो, कडा कापतो, आणि समासातली टिपणं त्या कडांबरोबर जातात. कागद जुन्नरी हातकागद आहे की विलायती, शिळा की खिळे, चिकटवलेल्या चिठ्ठीच्या खाली काय आहे, हे फोटोत कळत नाही. आणि स्कॅन काय करायचं हेही शेवटी नोंदीवरूनच ठरतं ना, यादीत ज्याच्यापुढे काही विशेष लिहिलंय तेच आधी मशीनवर जातं.

दुसरं उत्तर जास्त खरं आहे. माणसं नाहीत. लहान वाचनालयातला ग्रंथपाल तुटपुंज्या पगारावर, तोच देवघेव बघतो, तोच अनुदानाचे फॉर्म भरतो, त्याला तुम्ही टायटल पान शब्दशः उतरवायला सांगणार? कपाटात पाच हजार जुनी पुस्तकं नोंदीशिवाय पडली असताना एकेकावर तास घालवायचा की सगळ्यांची दोन ओळींची यादी आधी करायची? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही आणि माझं उत्तर असं की दोन ओळींची यादी आधी करा. जरूर करा. ज्याची यादीच नाही ते पुस्तक चोरीला गेलं तरी कळत नाही. फक्त त्या दोन ओळींत कोणत्या गोष्टी घालायच्या ते नीट निवडा. विषयाचा आकडा काढायला ग्रंथपाल जो वेळ घालवतो, हे २९४ मध्ये, म्हणजे धर्मात, जाईल की ८९१ मध्ये, म्हणजे साहित्यात, तो वेळ दुर्मिळ पुस्तकासाठी वाया आहे. दुर्मिळ पुस्तक कपाटात विषयवार लावायचंच नसतं, आणि विषय पुढे कोणीही, घरी बसून, स्कॅन बघूनही ठरवू शकतो. पण प्रत हातात असल्याशिवाय जे कळत नाही ते हातात असतानाच लिहावं लागतं. सारांशाचंही तेच.

आणि एक गोष्ट जिच्यावर मी अडून बसतो. रकाना रिकामा ठेवू नये. शिक्का नसेल तर 'नाही' लिहा, बघितलंच नसेल तर 'पाहिलं नाही' लिहा. रिकाम्या रकान्याचा अर्थ दोन्ही होतो आणि वीस वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही की त्या पोथीची पानं त्या वेळी पूर्ण होती म्हणून काही लिहिलं नाही, की मोजलीच नव्हती. पानं गेली असतील तर कोणती गेली ते लिहा. 'अपूर्ण' हा शब्द एकटा काही कामाचा नाही.

५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, पुस्तकं पोथ्या फेकल्या गेल्या, फाडल्या गेल्या. नंतर तिथे पानं गोळा करून पुन्हा लावायचं काम कितीतरी लोकांनी केलं. अशा वेळी सुटं पान हातात आलं की ते कोणत्या प्रतीचं, हे प्रतीच्या बारीक वर्णनावरूनच कळू शकतं, ओळी किती, आकार किती, समासात काय लिहिलंय, शिक्का कुठे आहे. पुरात भिजलेल्या वाचनालयाचंही तेच आणि चोरीचंही तेच. जुन्या पुस्तकांच्या बाजारात एखादी प्रत आली आणि ती आमच्या वाचनालयातली आहे असं म्हणायचं असेल तर पुस्तकाचं नाव सांगून कोणी ती परत देत नाही, १७ व्या पानावर अमुक शिक्का आणि शेवटच्या पानावर अमक्याची सही, असं दाखवावं लागतं.

काय लिहायचं नाही यावरही वाद होतो. जुन्या पुस्तकांत आणि त्यांच्या समासांत जातीवरून, बायकांवरून असं काही लिहिलेलं असतं की उतरवताना हात थांबतो. काही जण ते गाळतात, काही जण नावच सौम्य करतात. माझ्या मते छापलेलं नाव बदलायचा अधिकार नोंद करणाऱ्याला नाही. ज्यांना त्या शब्दांनी मारलं त्यांच्या बाजूचा पुरावाही तेच शब्द आहेत, ते पुसले तर उद्या असं कोणी म्हणतच नव्हतं असं सांगणं सोपं होईल. आपण आपल्या शब्दांत जो शेरा लिहितो तो मात्र आजच्या सभ्यतेने लिहावा आणि छापलेलं कुठलं, आपलं कुठलं, हे स्पष्ट दिसावं. हयात माणसांची नावं, पत्ते, फोन नंबर लिहिलेले असतील तर ते नोंदीत नकोत, 'खाजगी नाव आहे' एवढं पुरे.

सॉफ्टवेअर हे कारण तर आता राहिलेलंच नाही. कोहा हे ग्रंथालयांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात मार्क या नोंदीच्या ठरलेल्या पद्धतीचे रकाने आहेत, मालकी कोणाकोणाकडून आली, बांधणी कशी, या प्रतीची टीप काय, सगळ्याला जागा आहे. जागा आहे पण डेटा भरण्याचं कंत्राट देताना त्या जागा बंद करून फॉर्म छोटा केला जातो, कारण नोंदीमागे इतके रुपये असा दर ठरतो आणि रकाने वाढले की दर वाढतो. हा निर्णय कुठल्यातरी बैठकीत होतो, त्या बैठकीत जुनी पुस्तकं वापरणारा एकही माणूस नसतो.

आणि तो १८६७ चा कायदाही आता नाही. २०२३ च्या नव्या कायद्याने तो रद्द केला आणि नवीन कायदा फक्त नियतकालिकांपुरता आहे, पुस्तकं त्यातून बाहेर पडली. प्रती किती, किंमत किती, छापली कशी, हे प्रकाशकाला विचारणारा जुना कायदा गेला. त्यामुळे शतक ओलांडलेल्या वाचनालयांना जुन्या पुस्तकांसाठी सरकारी पैसा देताना एवढी अट तरी घालावी की १९०० च्या आधीच्या प्रत्येक पुस्तकासाठी पाच गोष्टी भरल्याशिवाय बिल निघणार नाही. टायटल पान शब्दशः, तारीख छापली आहे तशी, शिळा की खिळे आणि लिपी कोणती, आकडे नसलेली पानं धरून सगळी पानं आणि गेलेली पानं, आणि या प्रतीवर काय काय आहे. पाचवीसाठी शब्दांची मर्यादा ठेवू नये. आणि ज्याने ती प्रत हातात घेऊन बघितली त्याचं नाव आणि तारीख खाली यावी, म्हणजे पुढे कोणाला शंका आली तर निदान कोणाला विचारायचं ते तरी माहीत असेल.